तगर हलवताना

नगरपालिकेच्या माणसानं चुन्याची रेघ मारली
ती नेमकी तगरीच्या बुडातून गेली.
भुयारी गटार. पोळ्याच्या आत मोकळं करा, म्हणाला,
आणि पुढच्या दाराशी जाऊन
तीच रेघ पुढे ओढू लागला.

सतरा वर्षं न्हाणीचं पाणी पिऊन
ती दारापेक्षा उंच झालेली.
मीटरचा आकडा तिच्यामागे, खिडकी तिच्यामागे.
अर्धी आमची,
अर्धी भिंतीपल्याड सिंधूताई भोळ्यांची.
पहाटे छत्रीच्या मुठीनं फांदी ओढून
त्या फुलं न्यायच्या, न विचारता.
मी आत चहा टाकताना ऐकायची:
पानांची सळसळ, पत्र्यावर दवाची टपटप,
मग त्यांचं खाकरणं.
भिंतीचं मोजमाप झालं त्या सालापासून
एवढंच आमचं बोलणं.

मुबारक तडवी केळीच्या बागेतला माणूस.
झाड म्हणजे त्याच्या लेखी कंद,
आणि कंद आज या वावरात, उद्या त्या.
पहिल्या घावाला पांढरा चीक
त्याच्या बाहीवर उडाला.
"दूध हाये अजून. जगीन."
आणि कमरेइतकी ठेवून सगळी उतरवली.

फांद्यांबरोबर बुलबुलाचं जुनं घरटं आलं,
त्यात आमच्याच केरसुणीच्या काड्या.
स्वयंपाकघरात उजेड शिरला
तो थेट लोणच्याच्या बरणीवरच्या धुळीपर्यंत.
आणि समोर, हाताच्या अंतरावर म्हणावी अशी,
सिंधूताईंची खिडकी.
त्या चष्मा कपाळावर ढकलून तूर निवडत होत्या.
केस पांढरे झालेत, हे मला ठाऊक नव्हतं.
आम्ही दोघींनी एकदमच
दुसरीकडे पाहिलं.

मग पहार.
मोरीच्या पाइपाच्या सांध्यातून आत घुसलेला
मुळांचा लांबच लांब झुपका निघाला,
काळा, ओला, साबणाच्या वासाचा.
दोन वर्षं मोरी तुंबायची
आणि मी सुनेच्या केसांना बोल लावायची.
सून दारात उभी होती.
काही बोलली नाही. झुपका काठीनं उचलून
माझ्या समोरून नेला, सावकाश.

"उगवतीच्या अंगाला कुंकू लाव," मुबारक म्हणाला,
"नव्या खड्ड्यात तोंड फिरलं तं रुसते."
केळीच्या ओल्या सोपटात गड्डा गुंडाळला,
सुंभानं आवळला, गोणपाटावर घेऊन
चौघांनी ओढत मागच्या अंगणात नेला.
कुणीतरी म्हणालं, लेकीची पाठवणी.
पाठवणी कसली, मी म्हटलं,
बारा पावलं आहेत.

दुसऱ्या पहाटे भिंतीवर छत्रीची मूठ आली.
हवेत वाकडी झाली, चाचपडली,
थोडा वेळ तशीच थांबली.
मग खाली गेली.
मी चहा टाकायची विसरले.

कानबाई येऊन गेली, रोट संपले,
खोडावर पान नाही.
जुन्या लुगड्याची सावली केली, शेणकाला घातला,
आणि रोज सकाळी नखानं साल खरवडून पाहायची:
आत हिरवं आहे का?
होतं. नखाएवढं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा, जरा वर.
मुबारकनं ते ओरखडे पाहिले, मोजले,
आणि पहिल्यांदाच माझ्यावर चिडला:
"रोज खपली काढून पाहासी,
मंग जखम भरीन कव्हा?"

त्यानंतर मी हात मागे बांधूनच जायची.

पोळ्याच्या सकाळी मागच्या दाराची कडी वाजली.
सिंधूताई. हातात परडी, रिकामी.
"कुठी नेली म्हटलं," एवढंच.
छत्री त्यांनी खुंटीला अडकवावी तशी
तगरीच्या बोडक्या खोडाला अडकवली,
पायरीवर टेकल्या, गुडघा चोळत,
आणि साखर कमी, म्हणाल्या.

जाताना छत्री ओढली ती जराशी अडकली.
साल सोलली गेली. पांढरा थेंब आला,
घरंगळत कुंकवाच्या ठिपक्याशी थांबला.

मुबारकला सांगेन:
मी नाही हात लावला.